सायकलवर कंबर धरते? हँडल उचलण्याआधी सीट तपासा

पुण्याहून खडकवासल्यापर्यंत काही होत नाही. धरणापाशी चहा पिऊन परत फिरलं की नांदेड फाट्याच्या आसपास कंबरेच्या खालच्या भागात, पँटचा पट्टा येतो तिथे, जडपणा सुरू होतो. राजाराम पुलापर्यंत त्याचा ठणका होतो. घरी सायकल भिंतीला टेकवून सरळ उभं राहताना हात आपोआप कंबरेवर जातो. दोन दिवसांत बरं वाटतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

आमच्या रविवारच्या गटातल्या आणि गटाबाहेरच्याही, नेमकी हीच तक्रार असलेल्या तीसेक सायकली तरी आजवर माझ्या हाताखालून गेल्या आहेत. पेशाने मी मेकॅनिक नाही आणि डॉक्टरही नाही, त्यामुळे कुठे थांबायचं तेही स्पष्ट लिहितो आहे.

दुखणं नेमकं कधी येतं?

पाना शोधण्याआधी याचं उत्तर द्या, कारण अर्धं निदान इथेच होतं. निघाल्यापासून १५-२० मिनिटांतच दोन्ही बाजूंना दुखायला लागलं, तर बहुतेक वेळा सीटची उंची चुकलेली असते. तासाभराने हळूहळू चढतं आणि उभं राहून दहा-बारा पॅडल मारली की सुटतं, असं असेल तर तुम्ही पाठीची कमान करून बसताय; सीटचा कोन किंवा हँडलचं अंतर तपासायला हवं. सपाटीवर ठीक आणि फक्त कात्रज, बोपदेव किंवा सिंहगडच्या चढावर दुखत असेल तर गिअर जड आहे. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर चमक मारत असेल तर हवा बघा. फक्त ऑफिसच्या दिवशी दुखत असेल तर पाठीवरची बॅग. एकाच बाजूला दुखत असेल तर सीट तिरकी आहे का, क्रँक (पॅडल ज्या दांड्याला बसतं तो) वाकलाय का, दोन्ही पायांत फरक आहे का, हे प्रश्न येतात.

आणि एक प्रकार असा, की सेटिंग बदललं, तीन आठवडे छान गेले आणि दुखणं परत आलं. याच्यावर मी खाली सविस्तर लिहिणार आहे, कारण लोक इथेच सर्वांत जास्त दमतात.

या खुणा असतील तर पाना हातात घेऊ नका

बैठकीच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे आणि सायकलवरून उतरल्यावरही तो जात नाही. लघवी अडकते किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय. पायातली ताकद कमी होतेय, चालताना चप्पल घासतेय. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, सोमवारची वाट बघू नका. कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पावलात मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, सोबत ताप असेल, वजन उगाच घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सायकल पळून जात नाही.

सीटवर तास-दीड तास बसल्यावर येणारा आणि उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत जाणारा बधिरपणा वेगळा. तो सीटच्या रुंदीचा किंवा कोनाचा प्रश्न असतो आणि तोही अंगावर काढायचा नाही.

कंबर मुळात का दुखते

लाकडी खुर्चीच्या कडेवर बसा आणि पुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या उचला. एकदा कंबर गोल करून, आणि एकदा पाठ लांब ठेवून फक्त खुब्यातून वाकून. दोन्ही वेळा हात तिथेच पोचतो, पण पहिल्या वेळी कंबरेला आत असलेला नैसर्गिक बाक बाहेर येतो आणि मागचे स्नायू ताणले जातात. सायकलवर हेच तुम्ही दीड-दोन तास, मिनिटाला ८० पॅडल मारत करता.

खुब्यांच्या हाडांची जी कढई असते, जिला डॉक्टर पेल्व्हिस म्हणतात, ती सीटवर टेकलेली असते. सीटमुळे ती मागे कलंडली तर कंबर गोल होणारच. दोन्ही बाजूंना डोलत राहिली तर तिला धरून ठेवायचं काम कंबरेच्या स्नायूंवर येतं. म्हणून मी नेहमी सीटपासून सुरुवात करतो. बहुतेक लोक आधी हँडल उचलतात. पेल्व्हिस कलंडलेलीच राहिली तर हँडल उचलून दुखणं चार-पाच किलोमीटर पुढे सरकतं, जात नाही.

बिनखर्चाच्या गोष्टी आधी

पाठीवरची बॅग उतरवा. कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जाणाऱ्या एका मित्राची बॅग आम्ही वाण्याच्या काट्यावर ठेवली: लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, लोखंडी साखळीचं कुलूप मिळून ६ किलो ८०० ग्रॅम. पुढे वाकलेल्या पाठीवर हे ओझं म्हणजे कंबरेने सतत धरून ठेवायचं वजन. मागे कॅरिअर लावून बॅग तिथे बांधली, दुसरं काहीही बदललं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःहून सांगितलं की घरी गेल्यावर जमिनीवर आडवं पडावं लागत नाही. जर्सीच्या एकाच खिशात फोन, पॉवर बँक आणि किल्ल्या कोंबत असाल तर तेही वाटून ठेवा.

मग हवा. टायर दगडासारखा टणक असला की सायकल चांगली पळते, ही समजूत आपल्या रस्त्यांवर महागात पडते. जुलैतल्या खड्ड्यांतून जाताना प्रत्येक धक्का सीटमधून थेट मणक्यात जातो. ७० किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये ७०-८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरते, एमटीबीच्या, म्हणजे डोंगरी सायकलच्या, २.१ इंची टायरमध्ये ३० ते ३५. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, ती गाठायलाच हवी असं नाही. फार कमीही नको, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

गिअरचं मोजमाप सोपं आहे. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. सपाटीवर २० च्या आसपास हवा, म्हणजे मिनिटाला ८०. चढावर १५ च्या खाली जात असेल तर तुम्ही गिअर ढकलताय. तेव्हा मांड्या आणि पार्श्वभाग लवकर थकतो, शरीर डावी-उजवीकडे ओढलं जातं आणि उरलेलं काम कंबर करते. सिंहगडचा चढ डोणज्याच्या बाजूने सुरू झाल्यावर पहिल्या दोन किलोमीटरमध्येच सगळ्यात हलका गिअर लावा. हलका गिअर ‘शेवटच्या वळणांसाठी’ राखून ठेवणारे मी खूप बघितले. गडावर पिठलं-भाकरी खाताना तेच कंबर दाबत बसलेले असतात.

एवढं करून दोनदा फिरून या. फरक पडला तर पुढचं करायची गरज नाही.

आता ॲलन की, टेप आणि पाणसळ

सगळ्यात आधी मापं लिहून घ्या. पॅडलचे क्रँक जिथे बसतात त्या दांड्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटच्या नाकापासून (पुढच्या टोकापासून) हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, सीटचा कोन. वहीत तारीख घालून लिहा. एका वेळी एकच बदल, तोही उंचीत किंवा मागेपुढे करताना ५ मिमीपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक बदलानंतर किमान दोन फेऱ्या. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे बरं वाटलं किंवा बिघडलं, ते कधीच कळत नाही.

उंची. सायकलचे बूट घालून, भिंतीला धरून सीटवर बसा. पॅडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. खुबा न झुकवता पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर आणला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. २५ ते ३५ अंश हा चांगला पट्टा. दुसरी पद्धत पायाच्या आतल्या मापाची: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांमध्ये वर घट्ट धरा, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि ०.८८३ ने गुणा. ७८ सेंमी आलं तर सीटची उंची ६९ सेंमीच्या जवळपास. दोन्ही पद्धतींत सेंटीमीटरभर फरक आला तर मी कमी उंचीपासून सुरुवात करतो, कारण जास्त उंच सीट कंबरेला जास्त छळते.

उंच आहे की नाही याची खात्री अशी करा: शर्टाच्या खालच्या कडेला, कंबरेवर आडवी पांढरी चिकटपट्टी लावा आणि मित्राला मागून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करायला सांगा. नंतर बघताना फक्त पट्टीकडे बघा. ती तराजूच्या दांडीसारखी खाली-वर होत असेल तर प्रत्येक पॅडलला पेल्व्हिस खाली ओढली जातेय. सीट ५ मिमी खाली घ्या, पुन्हा चित्रण करा. सीट फार बुटकी असेल तर उलटं होतं: गुडघा छातीकडे येतो, खुब्यात जागा उरत नाही आणि पेल्व्हिस मागे कलंडते.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, वर घेताना त्यावरची कमाल मर्यादेची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली की थांबा. पुढे खड्ड्यात पोस्ट किंवा फ्रेम तुटू शकते.

तीन आठवड्यांनी परत येणारं दुखणं. आमच्यातल्या एकाने दोन वेळा फिजिओथेरपी घेतली, व्यायाम मनापासून केले, दर वेळी बरं झालं आणि दर वेळी परत आलं. मी त्याच्या सीटपोस्टला, फ्रेमच्या तोंडाशी अगदी लागून, वायरमनच्या लाल टेपचा एक वेढा मारला आणि चार रविवार काहीच करू नको म्हटलं. पाचव्या रविवारी स्वारगेटला भेटलो तेव्हा टेप फ्रेमच्या तोंडाशी चुरगळून, सुरकुत्या पडून गोळा झाली होती. मोजलं तर पोस्ट ११ मिमी खाली सरकला होता. आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर; बसणाऱ्याला ते कळत नाही, कंबरेला कळतं. तो दर महिन्याला ‘आज जरा बुटकी वाटते’ म्हणून सीट अंदाजाने वर घ्यायचा आणि मग ती जास्त उंच व्हायची.

उपाय साधा आहे. पोस्ट बाहेर काढा, पोस्ट आणि नळीचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा, धातूच्या पोस्टला अगदी पातळ ग्रीस लावा, क्लॅम्पचा (पोस्ट आवळून धरणाऱ्या कड्याचा) स्क्रू स्वच्छ करून त्यावर लिहिलेल्या जोरानेच आवळा. बऱ्याच ठिकाणी तो ५ न्यूटन-मीटर असतो. कार्बनचा पोस्ट किंवा फ्रेम असेल तर ग्रीस नाही, कार्बनसाठीची दाणेदार पेस्ट, आणि टॉर्क पान्याशिवाय (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय) हात लावायचा नाही. एवढं करूनही सरकत असेल तर पोस्टचा व्यास आणि फ्रेमचं माप जुळत नाही किंवा क्लॅम्प दमलाय. तो मेकॅनिकचा विषय. पोस्ट फ्रेममध्ये गंजून अडकला असेल तरीही जोर लावू नका, मेकॅनिककडे न्या. लाल टेप मात्र कायमची राहू द्या.

कोन. सायकल सपाट फरशीवर उभी करा. सीटवर नाकापासून मागपर्यंत एक कडक पुठ्ठ्याची वही ठेवा, तिच्यावर पाणसळ किंवा मोबाईलमधलं पातळी मोजायचं ॲप. गवंड्याच्या पाणसळीत बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध यायला हवा. नाक वर असेल तर ती पेल्व्हिसला मागे ढकलते आणि कंबर गोल होते. शहरातल्या सायकलींवर हा दोष मला सर्वांत जास्त वेळा सापडतो. पार्किंगमध्ये कोणी सीटचं नाक धरून सायकल उचलली किंवा जोराचा खड्डा बसला, की सीट धरणारा, दाते झिजलेला क्लॅम्प एक घर सरकतो. १९९९ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये कंबरदुखी असलेल्या हौशी सायकलस्वारांवरचा एक अभ्यास आला होता. सीटचं नाक १० ते १५ अंश खाली केल्यावर त्यांच्यातल्या ७० टक्क्यांहून अधिक लोकांना आराम पडला. मी मात्र इतकं खाली करायला सांगत नाही, कारण मग शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. आधी सपाट. मग एक-एक अंश करत तीन अंशांपर्यंत. हाताला मुंग्या आल्या की एक अंश परत.

याच वेळी वरून बघून घ्या की नाक आडव्या दांड्याच्या बरोबर रेषेत आहे. एका बाजूच्या दुखण्यात हे पहिलं तपासायचं.

मागे-पुढे. दोऱ्याला एक जड नट बांधला की ओळंबा तयार. क्रँक आडवा ठेवा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या उंचवट्यापासून ओळंबा सोडा. तो पॅडलच्या आसाजवळ पडला पाहिजे. हा अटळ नियम नाही, सुरुवातीची जागा आहे. सीट फार मागे असेल तर हँडल लांब पडतं आणि मांडीच्या मागचे आखडलेले स्नायू पेल्व्हिसला मागे खेचतात. उंची बदलली की हे पुन्हा तपासा, कारण नळी तिरकी असते: सीट १ सेंमी वर गेली की सुमारे ३ मिमी मागेही जाते.

आता हँडल, आणि थोडा खर्च

सीट जागेवर बसल्यानंतरच हे. ब्रेकवर हात ठेवून चालवताना कोपर सहज वाकलेलं राहत नसेल, खांदे कानाकडे जात असतील किंवा सारखं पुढे सरकून सीटच्या नाकावर बसावंसं वाटत असेल, तर हँडल लांब किंवा खाली आहे. बऱ्याच सायकलींचा स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, उलटा करून बसवता येतो. १०० मिमी लांबीचा ६ अंशांचा स्टेम उलटा केला की हँडल सुमारे २ सेंमी वर येतं, तेही फुकट. त्याने भागलं नाही तर १०० ऐवजी ८० मिमीचा स्टेम घ्यायचा. एका ताईंच्या हायब्रिड सायकलला एवढ्यानेच बरं वाटलं. पण त्यांची सीट आधीपासून बरोबर होती, हे महत्त्वाचं.

स्टेम सोडल्यावर पुढचं चाक धरणारा चिमटा सैल होतो. बसवताना आधी वरच्या टोपीचा स्क्रू, मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून खडखड नाही ना ते बघायचं, आणि शेवटी बाजूचे स्क्रू समान आवळायचे. हा क्रम आधी हाताने केलेला नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. उतारावर हँडल फिरलं तर कंबरदुखीचं काहीच वाटणार नाही इतकी मोठी इजा होते.

हँडल फार वर आणि जवळ घेणंही बरोबर नाही. जुन्या काळ्या २२ इंची सायकलवर माणूस ताठ बसायचा, पण तिच्या चामडी सीटखाली जाड स्प्रिंगा होत्या आणि टायर रुंद होते. ताठ बसलं की अंगाचं बहुतेक वजन सीटवर येतं आणि धक्का सरळ मणक्यातून वर जातो. स्प्रिंग नसलेल्या अरुंद सीटवर ते ताठ बसणं झेपत नाही.

चढावरच दुखणाऱ्यांनी पैसे हँडलवर घालवू नयेत. मागची सर्वांत मोठी चकती २५ दात्यांची असेल तर ३२ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसते का ते मेकॅनिकला विचारा; मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तेवढी झेपवणारा हवा आणि चेन बहुधा लांब लागते.

इथून पुढे तुमचं काम नाही

सायकल पडली होती आणि त्यानंतर पॅडल मारताना पाऊल डोलतंय असं वाटत असेल तर क्रँक किंवा पॅडलचा आस वाकलाय. मेकॅनिक. एका पायाचं क्लीट (बूट पॅडलला अडकवणारा तुकडा) दुसऱ्यापेक्षा वेगळं झिजतंय, सीटचं कव्हर एकाच बाजूला घासलंय आणि दुखणंही एकाच बाजूला आहे, तर पायांच्या लांबीत किंवा पेल्व्हिसमध्ये फरक असू शकतो. फिजिओथेरपिस्ट आधी, मग बाईक फिटर (अंगाच्या मापाने सायकल लावून देणारा). बुटाखाली स्वतःच्या अंदाजाने पट्ट्या घालू नका.

आणि फ्रेम. माझ्या पहिल्या रोड सायकलच्या वेळी दुकानात माझ्या मापाची फ्रेम नव्हती, मोठी होती. ‘सीट खाली घेऊ, चालून जाईल’ असं सांगून ती मला विकली. चार महिने कंबर घेऊन फिरलो. सीट पुढे सरकवून तिच्याखालच्या रुळांच्या शेवटच्या खुणेवर आणली, ६० मिमीचा स्टेम लावला, तरी हँडल लांबच. म्हणून आता सांगतो: सीट पूर्ण पुढे, स्टेम सगळ्यात छोटा आणि तरीही हात ताणलेले, किंवा सीटपोस्ट मर्यादेच्या रेघेवर आणि तरीही पाय नीट सरळ होत नाही, असं असेल तर सुटे भाग घेणं थांबवा. फ्रेम तुमची नाही. तिला दुरुस्ती नाही, बदलणं हाच उपाय.

सीट आणि हँडल दोन्ही नीट लावून, बॅग काढून, गिअर हलका करून सहा फेऱ्या झाल्या आणि तरी दुखतंय, किंवा दोन आठवडे सायकल बंद ठेवूनही खुर्चीत बसल्यावर दुखतंय, तर प्रश्न सायकलचा उरलेला नाही. दिवसाचे नऊ तास स्क्रीनसमोर बसणाऱ्यांमध्ये हे मी बऱ्याचदा पाहिलंय. मांडीचे मागचे स्नायू आखडलेले, पोटाचे ढिले, आणि सायकल फक्त ते उघड करते. फिजिओथेरपिस्टकडे जाताना सायकलही घेऊन जा, त्यावर बसून दाखवा. फिटरकडे जाताना ती मापांची वही न्या. कोणत्या तारखेला काय बदललं आणि त्या दिवशी दुखणं कितव्या किलोमीटरला आलं, हे लिहिलेलं असेल तर त्याचा पहिला तास वाचतो.